कोलोबेंगचे बस्तान: एका मिशनरी कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

डेव्हिड लिव्हिंग्स्टन म्हटले की शाळेच्या पुस्तकातला थकलेला शोधक आठवतो. नाईलचा उगम हुडकत निघालेला, वर्षानुवर्षे ठावठिकाणा नसलेला आणि अखेर उजिजीला स्टॅन्लीने गाठलेला. त्याआधी या माणसाचा चारचौघांसारखा संसार होता. घराच्या विटा पाडायच्या होत्या, मुलांच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकायच्या होत्या, सासूची बोलणी खायची होती. हा भाग त्या धड्यात येत नाही.

इथे घेतले आहे ते हेच प्रकरण. सुरुवात जानेवारी १८४५ मधल्या लग्नापासून, शेवट एप्रिल १८५२ मध्ये, जेव्हा बायको-मुले केप टाउनहून जहाजाने इंग्लंडला रवाना झाली. जागा कोलोबेंग नदीकाठचे गाव आणि आसपासचा मुलूख, आजच्या बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेच्या सीमेलगतचा. या सव्वासात वर्षांत कुटुंबाने तीन गावे बदलली, तीन घरे बांधली, पाच मुले जन्मली आणि त्यांतले एक गेले. एवढ्या खटाटोपातून ख्रिस्ती झाला म्हणावा असा एकच माणूस, आणि तोही लवकरच चर्चच्या शिस्तीतून बाहेर पडला.

माझे मत आधीच सांगतो. हे बस्तान बसले ते त्याची बायको मेरी हिच्यामुळे आणि बाक्वेना या तिथल्या त्स्वाना लोकांच्या कष्टांमुळे. आणि ते उठले त्यात सिंह-साप-तापापेक्षा वाटा मोठा होता पावसाचा, शेजारच्या बोअर म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांचा आणि पायाला भिंगरी असलेल्या घरधन्याचा. चरित्रकार या शेवटच्या कारणाला ‘ध्येय’ म्हणतात. म्हणोत बापडे.

कुरुमानची लेक

लिव्हिंग्स्टन १८१३ सालचा, स्कॉटलंडमधल्या ब्लँटायरचा. दहाव्या वर्षापासून कापडगिरणीत राबलेला, पुढे डॉक्टर झालेला. लंडन मिशनरी सोसायटीने त्याला दक्षिण आफ्रिकेला धाडले आणि जुलै १८४१ मध्ये तो कुरुमानला पोचला. तिथे रॉबर्ट आणि मेरी मोफॅट हे जोडपे कित्येक वर्षांपासून ठाण मांडून होते. बारमाही झरा, त्यावर पोसलेली फळबाग, दगडी चर्च, छापखाना असे सगळे. रॉबर्ट मोफॅटने केलेला बायबलच्या नव्या कराराचा सेत्स्वाना, म्हणजे त्स्वाना लोकांच्या भाषेतला, अनुवाद १८४० मध्ये छापून झाला होता. नव्या मिशनऱ्याच्या डोळ्यांपुढे ‘मिशन’ म्हणून जे चित्र होते ते या कुरुमानचे. पण असा झरा त्या मुलखात जागोजागी नव्हता, आणि पुढच्या सगळ्या हालांचे मूळ तिथेच आहे.

मोफॅटांची थोरली लेक मेरी १८२१ साली ग्रिक्वाटाउनला जन्मली. सेत्स्वाना तिला लहानपणापासूनची. चुलीवर काय शिजते, कुणाशी कसे बोलावे, दुष्काळात कुठली मुळे उकरून खातात हे तिला कुणी शिकवायला नको होते. १८४४ मध्ये माबोत्सा या त्याच्या पहिल्या मिशनठाण्यावर सिंहाने लिव्हिंग्स्टनचा डावा दंड चावून हाड मोडले. मेबाल्वे नावाच्या त्स्वाना शिक्षकाने त्या सिंहावर बंदूक रोखली, ती उडालीच नाही, पण चावा त्याने स्वतःवर ओढवून घेतला, म्हणून हा जिवानिशी सुटला. दुखणे काढायला तो कुरुमानला आला, तेव्हा बदामाच्या झाडाखाली त्याने मेरीला मागणी घातली. मिशनरी संस्थांना लग्न झालेला माणूस बरा वाटे आणि त्याचा वार्षिक पगारही वाढून शंभर पौंड होई. पण पगार सोडला तरी हा सौदा त्याच्याच फायद्याचा होता. अकरा-बारा वर्षांत जी समज पाहुण्याला येत नाही ती मेरी लग्नात घेऊन आली.

आपल्याकडच्या मिशनऱ्यांशी तुलना केली तर फरक लगेच कळतो. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ पासून आणि नगरला १८३१ पासून होते. त्यांचेही हाल झाले, मुले दगावली. पण त्यांच्या पाठीशी कंपनी सरकार होते, बाजारपेठ होती, टपाल होते, स्वयंपाकी आणि आया मिळत. कोलोबेंगला यातले काही नव्हते. जे लागेल ते एक तर स्वतः करायचे, नाही तर बैलगाडीने कित्येक दिवसांची वाट तुडवून कुरुमानहून, म्हणजे मेरीच्या माहेराहून, आणायचे.

तीन घरे

माबोत्साला सहकारी मिशनऱ्याशी बिनसले. तिथून कुटुंब गेले चोनुआनेला, बाक्वेनांचा प्रमुख सेचेले याच्या गावी. तिथे पाण्याची बोंब. मग लिव्हिंग्स्टनने सेचेलेला पटवले की गाव नदीकाठी नेऊ आणि पाटाच्या पाण्यावर शेती करू. १८४७ मध्ये गावच्या गाव उठून कोलोबेंग नदीवर गेले. लिव्हिंग्स्टन पुढे जाऊन बांधकामाला लागला आणि मेरी दोन लहान मुलांसह काही काळ उठून गेलेल्या चोनुआनेतच राहिली. तिथून तिने नवऱ्याला कळवले की सिंह आता गाव परत ताब्यात घेताहेत, रात्री घराभोवती फिरतात. नवऱ्याने ही बातमी पत्रात दुसऱ्यांना सांगितली. बायकोला जरा उदास वाटते, त्यात नवल नाही, अशा सुरात.

कोलोबेंगला जवळजवळ वर्षभर झोपडीत काढले. भिंतींतून वारा असा घुसे की मेणबत्तीचे मेण तिरपे ओघळून लोंबायचे. दिवसा माश्यांचे थवे मुलांच्या डोळ्यांवर बसायचे. जुलै १८४८ मध्ये पक्क्या घरात प्रवेश झाला. लिव्हिंग्स्टनने हाताने उभे केलेले हे तिसरे घर. वेल्डिंग त्याला एका स्थानिक लोहाराने शिकवले, सुतारकाम आणि बागकाम सासऱ्याकडून आले. त्याची एक तक्रार होती: बाक्वेनांना काटकोन जमत नाही, त्यामुळे प्रत्येक वीट आणि वासा आपल्यालाच सरळ करावा लागतो. वाचताना हसू येते. ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या गोल, आणि जे पाणी आटले की गाव उचलून पुढे जातात, त्यांना काटकोनाचे काय अप्रूप? गोल घर तिथल्या हवामानाला आणि फिरत्या गावाला सोयीचे होते. चौकोनी विटांचे घर बांधणारा माणूस मनात धरून चालला होता की गाव आता इथून हलणार नाही.

सेचेलेच्या घरासाठी लिव्हिंग्स्टनने श्रम दिले आणि बदल्यात बाक्वेनांनी पाट खणला, बांध घातला. शाळेची इमारत सेचेलेने स्वतःच्या खर्चाने उभारायची ठरवली. माझ्या गावाच्या रक्षणकर्त्या देवाचे घर मी बांधणार, तुला छदामही पडू देणार नाही, असे तो म्हणाला आणि दोनशे माणसे कामाला लावली. मिशनच्या अहवालांत हे काम मिशनऱ्याच्या नावावर चढते. कुदळ कुणाच्या हातात होती ते लक्षात ठेवलेले बरे.

घरातला दिवस कसा जाई ते लिव्हिंग्स्टनने तपशिलाने लिहून ठेवले आहे. पहाटे उठणे, प्रार्थना, सहा-सातच्या दरम्यान न्याहारी, मग अकरापर्यंत शाळा, ज्यात बाया, बाप्ये, पोरे कुणीही यावे. त्यानंतर तो लोहारकाम, सुतारकाम, बागकाम यांत आणि मेरी घरकामात. दुपारी जेवून तासभर टेकले की मेरीची बालशाळा भरायची. साठ-ऐंशी मुले. अधूनमधून मुलींचा शिवणवर्ग. संध्याकाळी तो गावात गप्पा मारायला जाई. मेणबत्त्या चरबीच्या, साच्यात ओतलेल्या. साबण राखेच्या क्षारात चरबी उकळून केलेला, आणि ही उकळ महिना-दीड महिना चाले. पाव कधी पोखरलेल्या वारुळाच्या भट्टीत भाजलेला. लोणी बरणीत घुसळलेले. लिव्हिंग्स्टनने यावर लिहिले की मिशनरी कुटुंबात नवऱ्याने बाहेरची पडतील ती सगळी कामे करावीत आणि बायकोने घरातली. वाटणी ऐकायला सरळ वाटते. पण मेरीच्या वाटणीत बालशाळाही होती, शिवणवर्गही होता, आणि या काळात बहुतेक वेळ ती गरोदर तरी होती किंवा बाळंतीण तरी. या बाळंतपणांची तुलना नवऱ्याने एका पत्रात आयर्लंडमधल्या मोठ्या कारखान्याशी केली आहे. विनोद म्हणून.

अन्नाची गोष्ट मजेची आहे. मांस मिळेना तेव्हा मुले टोळ खात, मोठाल्या अळ्या खात. पाऊस पडला की जमिनीतून ‘मात्लामेत्लो’ नावाचे भलेमोठे बेडूक निघत. शिजवल्यावर ते कोंबडीसारखे दिसत आणि मुलांना फार आवडत. स्कॉटलंडमधल्या देणगीदारांना हे वाचून काय वाटले असेल ते वाटो. घरातल्या मुलांनी गावची थाळी आपली मानली होती. मेरीला गावात कुणी मिसेस लिव्हिंग्स्टन म्हणत नव्हते. थोरल्या रॉबर्टच्या जन्मानंतर त्स्वाना रिवाजाप्रमाणे ती सगळ्यांची मा-रॉबर्ट झाली.

सेचेले आणि त्याच्या बायका

मिशनच्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा म्हणजे सेचेले. बापाचा खून झाल्यावर तो पोरका झाला, बराच काळ परागंदा राहिला आणि पुढे गादी परत मिळाली. माणूस तल्लख. मुळाक्षरे एक-दोन दिवसांत शिकला. वाचू लागल्यावर यशया संदेष्ट्यावर त्याचा फार जीव जडला, त्याला बोलायचे कसे ते कळत होते, म्हणायचा. लोक प्रवचन ऐकून ढिम्म बसतात हे पाहून त्याने लिव्हिंग्स्टनला मदतही देऊ केली. नुसत्या बोलण्याने हे विश्वास ठेवतील असे वाटते का तुला? सांगत असशील तर माझी मातब्बर माणसे बोलावतो, गेंड्याच्या कातडीचे चाबूक घेतो आणि सगळ्यांना एकदम विश्वास ठेवायला लावतो! लिव्हिंग्स्टनने नको म्हटले.

सेचेलेला पाच बायका होत्या. बाप्तिस्मा हवा तर एकच ठेवायची, ही मिशनची अट. लिव्हिंग्स्टनलाही ही अट लादताना जड गेले हे त्याच्या लिहिण्यातून दिसते, कारण या स्त्रिया त्याच्या शाळेतल्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होत्या आणि त्यांचा दोष काहीच नव्हता. शिवाय त्या अशा हाताखालच्या प्रमुखांच्या लेकी होत्या, ज्यांनी पडत्या काळात सेचेलेला हात दिला होता. त्यांना माहेरी पाठवणे म्हणजे राज्याचे टेकू काढून घेणे. सेचेलेने प्रत्येकीला नवे कपडे दिले, घरातल्या तिच्या वाट्याच्या वस्तू दिल्या आणि निरोप दिला: तुमच्यात खोट नाही, मला देवाची आज्ञा पाळायची आहे. १ ऑक्टोबर १८४८ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हातारी माणसे रडत होती.

राहिली ती पट्टराणी. लिव्हिंग्स्टनच्या मते धर्मांतराची आशा सगळ्यांत कमी जिच्याकडून होती तीच ही. प्रार्थनेला ती त्स्वाना वेशात येऊन बसे. सेचेले तिला उठवून झगा घालून यायला पाठवी आणि ती ओठ पुढे काढून, या नव्या खुळाचा पुरता वीट आल्यासारखी, तणतणत बाहेर जाई. असे अनेकदा घडले. मिशनच्या साहित्यात धर्मांतरांची वर्णने ढीगभर सापडतात, पण त्या गावाला काय वाटत होते ते मला या एका प्रसंगातून जास्त कळते.

पुढच्याच वर्षी माहेरी गेलेल्या एका बायकोला सेचेलेपासून दिवस गेले. लिव्हिंग्स्टनने त्याला प्रभुभोजनापासून दूर केले. सेचेलेने माफी मागितली, धर्म मात्र सोडला नाही. इतिहासकार याला लिव्हिंग्स्टनचा ‘एकमेव’ अनुयायी म्हणतात आणि पुढे ‘तोही घसरला’ असे जोडतात. मला हा निवाडा उथळ वाटतो. सोडलेल्या बायकांचे बाप, भाऊ, त्यांची माणसे सगळी शत्रू झाली. शाळा आणि प्रार्थना ओस पडू लागल्या, ज्यांना यायचे होते तेही घरच्या दबावाने येईनात. मिशनरी कुटुंबाच्या रोजच्या वावरावर हे सावट पडले. एका माणसाच्या बाप्तिस्म्यासाठी अर्ध्या गावाशी वैर आले, आणि ते निस्तरायची जबाबदारी ज्याने अट घातली त्याच्यावर नव्हती.

पाऊस

त्स्वाना समाजात पाऊस पाडणे हे प्रमुखाचे काम. सेचेले स्वतः नावाजलेला पर्जन्यवैद्य होता. बाप्तिस्म्यानंतर त्याने ते विधी थांबवले आणि नेमका त्याच काळात दुष्काळ पडला. पहिल्या वर्षी पाटाच्या पाण्यावर बाग तरारली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, दोन्ही मिळून, दहा इंचसुद्धा पाऊस झाला नाही. कोलोबेंग आटली. इतके मासे मेले की आसपासच्या सगळ्या मुलखातले तरस जमले तरी ती सडकी रास संपेना. एक जुनी मगर चिखलात कोरडी पडून मेलेली सापडली. सुया महिनोन्‌महिने उघड्यावर पडल्या तरी गंजल्या नाहीत. भर दुपारी तीन इंच मातीखाली लिव्हिंग्स्टनने थर्मामीटर खुपसला तर पारा १३२ ते १३४ अंश फॅरनहाइट. चौथे वर्षही तसेच.

पाट म्हणजे लिव्हिंग्स्टनचे पर्जन्यवैद्याला दिलेले उत्तर होते. नदीच आटली तेव्हा ते उत्तर गेले. गावाचा हिशेब सोपा होता. हा माणूस आला, आमच्या राजाला त्याने मंत्राने बांधले आणि पाऊस थांबला. जे शेजारी प्रार्थना करत नाहीत त्यांच्या डोंगरावर दहा मैलांवर पाऊस कोसळताना दिसतो. म्हातारे लिव्हिंग्स्टनला जवळ बसवून सांगत: तू आमच्यातच जन्मल्यासारखा आम्हाला आवडतोस, तू एकटाच गोरा ज्याच्याशी घरोबा होऊ शकतो, पण ती रात्रंदिवसची प्रार्थना तेवढी सोड. यात द्वेष नाही, तुच्छता नाही. बस्तान बसल्याची यापेक्षा मोठी पावती मिळाली नसती, आणि ती अशा अटीवर मिळत होती जी मिशनऱ्याला पाळताच येत नव्हती.

गाव तगले ते जुन्या रीतींवर. बायकांनी दागिने देऊन दूरच्या जमातींकडून धान्य आणले. पुरुषांनी ‘होपो’ लावले: दोन लांबलचक कुंपणे निमुळती होत जातात आणि टोकाला खोल खड्डा असतो, तिकडे हाकाऱ्यांनी जनावरांचे कळप हाकलायचे. पोरे शाळेऐवजी मुळे आणि कंद उकरायला रानात. मिशनरी कुटुंबाला कुरुमानहून येणाऱ्या धान्यावर दिवस काढावे लागले आणि त्यातही सेचेलेने मांसाचा वाटा धाडणे थांबवले नाही.

गाडीतला संसार

दुष्काळाने घायकुतीला आलेल्या गावातून लिव्हिंग्स्टनने उत्तरेकडे पाहायला सुरुवात केली. ऑगस्ट १८४९ मध्ये विल्यम कॉटन ओस्वेल आणि मंगो मरे यांच्यासोबत त्याने न्गामी सरोवर गाठले. ओस्वेल हा शिकारी पूर्वी मद्रासला कंपनीच्या चाकरीत होता. दुसऱ्या वर्षी लिव्हिंग्स्टनने मेरी आणि तिन्ही मुलांना बैलगाडीत घालून पुन्हा तीच वाट धरली. मेरी तेव्हा गरोदर होती. सरोवराकाठच्या प्रमुखाशी सौदा ठरला: आपली आवडती बंदूक त्याला द्यायची आणि त्याने आपण परत येईपर्यंत बायको-मुलांना मांस पुरवायचे. मेरीला सरोवर दाखवले, मुले पाण्यात मनसोक्त डुंबली. दुसऱ्या दिवशी मुलांना ताप भरला आणि पुढचा बेत बारगळला.

कोलोबेंगला परत आल्यावर ऑगस्ट १८५० मध्ये एलिझाबेथ जन्मली आणि दीड महिन्यात छातीच्या विकाराने गेली. मेरीच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. हवापालटासाठी कुटुंब कुरुमानला गेले. आणि १८५१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा गाडी, पुन्हा उत्तर, पुन्हा मेरीला दिवस गेलेले.

या वेळी सासूबाई गप्प बसल्या नाहीत. मेरी मोफॅट यांनी जावयाला कडक पत्र लिहिले: एक लेकरू गमावलेस, बाकीची कशीबशी वाचली, तेवढे पुरले नाही का? गरोदर बाई आणि तीन पोरे घेऊन पुरुषांच्या तांड्याबरोबर रानोमाळ हिंडायचे, ही कुठली रीत? स्वतः आयुष्य आफ्रिकेत काढलेल्या, मुले पुरलेल्या बाईचे हे बोलणे, तेव्हा त्याला घाबरट आईची किरकिर म्हणता येत नाही. लिव्हिंग्स्टनने हे पत्र आपल्या दैनंदिनीत उतरवून घेतले आणि निघाला.

वाटेत वाटाड्या गायब झाला. गाडीतले पाणी एका नोकराने सांडून वाया घालवले. उरलेले घोट मुलांसाठी ठेवले. पाणी जसजसे संपत आले तसतशी मुलांची तहान वाढत गेली. पाचव्या दिवशी दुपारी माणसे पाणी घेऊन आली तेव्हा जीव वाचला. मेरीने त्या काळात नवऱ्याला एका शब्दाने दोष दिला नाही, डोळ्यांतले पाणी तेवढे दिसत होते, असे लिव्हिंग्स्टनने लिहिले आहे. ही तिची सोशिकता म्हणून आजवर गौरवली गेली. मला त्यात नवऱ्याची दोषी जाणीव जास्त दिसते. डासांनी मुलांच्या हातापायांवर इंचभर कातडी धड ठेवली नव्हती, हेही त्याचेच वाक्य.

सप्टेंबर १८५१ मध्ये झूगा नदीकाठी विल्यम जन्मला. कुटुंब कोलोबेंगला परतले तेव्हा गाव तिथे नव्हते. सेचेले लोकांना घेऊन डिमावेच्या टेकड्यांकडे सरकला होता. विटांचे चौकोनी घर मागे एकटे उभे.

इथे लिव्हिंग्स्टनने ठरवले की आता समुद्रापर्यंतची वाट शोधायची आणि कुटुंबाला मायदेशी पाठवायचे. मुलांना पोरके करणे म्हणजे आतडी उपटण्यासारखे आहे, असे त्याने सोसायटीला कळवले. केप टाउनला हे कुटुंब इतक्या जुन्यापुराण्या कपड्यांत पोचले की प्रवासाच्या कपड्यालत्त्याचा खर्च ओस्वेलने उचलला. २३ एप्रिल १८५२ रोजी मेरी आणि चार मुले निघाली.

चार महिन्यांनी, ऑगस्टच्या अखेरीस, ट्रान्सव्हालच्या बोअर कमांडोने, म्हणजे हत्यारबंद स्वारांच्या पथकाने, डिमावेवर हल्ला केला. त्याच वर्षी जानेवारीत ब्रिटिशांनी सँड नदीच्या करारात बोअरांना स्वातंत्र्य मान्य केले होते आणि सेचेलेने त्यांचे स्वामित्व मानायला नकार दिला होता. बंदुकांविषयी अफवा आधीच पिकल्या होत्या: लिव्हिंग्स्टनच्या म्हणण्याप्रमाणे सेचेलेकडे पाच बंदुका होत्या, बोअर पाचशे सांगत, आणि लिव्हिंग्स्टनने त्याला उसने दिलेले स्वयंपाकाचे एक मोठे काळे भांडे त्यांच्या तोंडी तोफ झाले होते. माणसे मारली गेली. बायका-मुले नेली गेली, त्यांत मेरीच्या शाळेतली पुष्कळ मुले होती. कोलोबेंगच्या रिकाम्या घरातली औषधे फोडली, पुस्तके फाडली, सामानसुमान नेले. लिव्हिंग्स्टन घरी नव्हता म्हणून वाचला. त्याने नंतर लिहिले की आता घरच उरले नाही तेव्हा मी मोकळा झालो. सेचेलेने मात्र आपली मुले कुरुमानला मोफॅटांकडे शिकायला पाठवली आणि राणीकडे दाद मागायला स्वतः केपपर्यंत गेला. पैसे संपले म्हणून परत फिरला.

प्रकरणाचे पुढचे टोक

ब्रिटनमध्ये मेरीला घर नव्हते. सासरी जमले नाही, भाड्याच्या खोल्या बदलत, उसनवारीवर साडेचार वर्षे काढली, दारूही जवळ आली. कुरुमानच्या उन्हात वाढलेल्या बाईला परका मुलूख भेटला तो आफ्रिकेत नव्हे, इथे. १८६२ मध्ये ती झांबेझीवर नवऱ्याकडे पोचली आणि तीनेक महिन्यांत, २७ एप्रिलला, शुपांगाला तापाने गेली. मुलांबरोबर खेळायला मी वेळ काढला नाही, संध्याकाळपर्यंत अंगात काही उरतच नसे, ही खंत लिव्हिंग्स्टनने पुढे लिहून ठेवली. १८६५ मध्ये तो मुंबईला आला, नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमधून सुटका झालेले आफ्रिकी तरुण त्याने शेवटच्या सफरीसाठी बरोबर घेतले. त्या सफरीत कुटुंबाचा प्रश्न उरला नव्हता.

प्रश्न दुसऱ्यांच्या वाट्याला आला. लिव्हिंग्स्टनने वर्णन केलेल्या माकोलोलोंच्या मुलखात मिशन काढायला सोसायटीने हेल्मोर आणि प्राइस ही दोन कुटुंबे पाठवली. जुलै १८५९ ला कुरुमान सोडले, फेब्रुवारी १८६० मध्ये लिन्यांतीला पोचले. होलोवे हेल्मोर, त्याची बायको, त्यांची दोन मुले आणि प्राइसचे तान्हे बाळ तिथे तापाने गेले, परतीच्या वाटेवर प्राइसची बायको. वाचले ते रॉजर प्राइस आणि हेल्मोरांची दोन पोरे. कोलोबेंगला जे चालून गेले ते दलदलीच्या, हिवतापाच्या मुलखात चालणार नव्हते. लिव्हिंग्स्टनच्या मुलांना न्गामीवर भरलेल्या तापाने ते १८५० मध्येच सांगितले होते.

रॉजर प्राइसने नंतर मोफॅटांच्या धाकट्या लेकीशी, बेसीशी, म्हणजे मेरीच्याच बहिणीशी लग्न केले. १८६६ पासून ही दोघे मोलेपोलोलेला राहिली, सेचेलेच्याच गावात. सेचेले तोवर स्वतः प्रवचने करत होता, लोकांना वाचायला शिकवत होता आणि वेळ पडली तर पाऊसही पाडत होता. मधल्या काळात त्याने मिशनरी मिळवण्यासाठी थेट बोअरांमार्फतच खटपट करून जर्मन लुथरन बोलावून घेतले होते. बेसी आणि रॉजरने तिथे १८८५ पर्यंत, जवळजवळ वीस वर्षे, संसार केला आणि मुलांचे मोठे खटले वाढवले.